रुक्मीचं भजन

अक्का, बेल्ट बसला.

टेपरेकॉर्डरचा गं. आतला जुना रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता ना, बोटं काळी करणारा, तो मी खरवडून काढला, स्पिरिटने सगळं पुसलं आणि नवा बसवला. चाकं फिरतायत. एका लयीत, न कुरकुरता. हे तुला सांगायला परवा फोन उचलला, तुझं नाव उघडलं आणि तशीच बसून राहिले. वर तुझा शेवटचा व्हॉइस मेसेज आणि त्याच्याखाली काहीच नाही.

म्हणून इथे लिहितेय. भराभरा लिहितेय, चुका होतील, होऊ देत. मी टाइप करायला लागले की तू म्हणायचीस, "निधाना गं मरी, त्या कीबोर्डला पण श्वास घेऊ दे." निधाना म्हणजे हळू. मरी म्हणजे पिल्लू. तुझं मराठी निम्मं कन्नड होतं, आणि ते सरळ करून लिहायला गेले तर ती तू राहत नाहीस, कुणीतरी दुसरीच बाई होते. त्यामुळे जसं आठवतंय तसंच.

तेराव्याला तुमच्याकडे खूप माणसं आली होती. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचीस, मुली अजून नाव काढतात, लग्न नाही केलं पण सगळ्यांचं केलं, असं. खरंच होतं सगळं. पण मला सारखं वाटत होतं की कुणीतरी त्या कॅसेटबद्दल बोलावं. कुणी बोललं नाही. कारण ते भांडण तुझं आणि माझं होतं. तुझ्या वडिलांच्या आवाजाची ती एकच कॅसेट, ती लावायची की नाही. मी म्हणायचे लाव. तू म्हणायचीस बेडा, नको. आणि आता तू नाहीस, कॅसेट आहे, आणि भांडणात मी एकटीच उरलेय. हे काही बरोबर नाही, अक्का.

मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले तो दसराच होता. मी दहावीत. आम्ही सांगलीहून इथे कन्नड मुलखात आलेले, शहराच्या टोकाला बोगादीला राहणारे. ब्लाउज शिवायला टाकताना आईला कळलं की शिवरामपेटेतल्या त्या टेलरच्या घरात मराठी बोलतात. झालं! आईला माहेर सापडल्यासारखं झालं. "चल, त्यांच्याकडे वर बाहुल्या मांडल्यात, बोलावलंय." मी तोंड वाकडं करून आले. इथे दसऱ्यात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, हे मला शाळेतल्या मैत्रिणींकडून माहीत होतं, आणि त्या बघायला जाणं म्हणजे लहान मुलांचं काम असं मला वाटायचं.

सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, पट्टद गोंबे म्हणजे मानाच्या बाहुल्या, नव्या जरीच्या कपड्यांत. त्यांच्या शेजारी तुझ्या अप्पांचा फोटो. खाली विठोबा-रखुमाई, मग दुकान मांडून बसलेला जाडा शेट्टी आणि त्याची जाडी बायको. आणि त्याच्या खालच्या पायऱ्यांवर, माझा विश्वासच बसेना, कॉम्प्युटर! पाटीएवढा काळा एक, रबरी बटणांचा. एक पोळपाटासारखा बसका. एकाला डब्यासारखा टीव्ही जोडलेला, आणि त्यावर एक वर्तुळ ठिपक्या-ठिपक्याने स्वतःला काढत होतं, इतकं सावकाश की मी श्वास रोखून बघत राहिले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोंबेच," तू म्हणालीस. "बाकीच्या नुसत्या बसतात. ह्या विचारलं तर उत्तर देतात. बस की, विचारून बघ."

माझं नाव पडदाभर छापणारा दोन ओळींचा प्रोग्रॅम तू माझ्याकडून लिहून घेतलास. रबरी बटणं मेलेल्या पालीसारखी मऊ होती. नाव खाली-खाली धावत सुटलं आणि मी किंचाळले. तेवढ्यात जिन्यातून पोरांची टोळी आली, "गोंबे कूरिसिद्दीरा?" बाहुल्या बसवल्यात का, असं ओरडत. तू "बन्नी, बन्नी" म्हणत सगळ्यांना आत घेतलंस, आणि त्यातल्या सगळ्यात छोट्याला, ज्याच्या हाताला चकलीचं तेल लागलं होतं, त्याला सरळ काळूसमोर बसवलंस. काळू म्हणजे तो काळा. तेलकट हात! त्या कीबोर्डवर! पुढे आपलं पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

घरी जाताना रिक्षात आई म्हणाली, "बाई छान आहे गं, पण ती मराठी बोलत होती की कन्नड?" आणि नंतर तू मला म्हणाली होतीस, "तुझी आई रेडिओसारखं मराठी बोलते, ऐकून भीती वाटते."

मग मी येतच राहिले. आईला सांगायचे अभ्यासाला जाते, आणि ते खोटं नव्हतं. सोल्डरिंग तू शिकवलंस. कपॅसिटर फुगलाय हे बोटाने कसं ओळखायचं ते तू शिकवलंस. आणि जुनं मशीन चालू करायच्या आधी काय करायचं ते. "आधी वास घे. मग ऐक. मग बघ. सगळ्यात शेवटी स्विच." मी नेहमी उलटं करायचे. एकदा धूर काढला तेव्हा तू ओरडली नाहीस, फक्त खिडकी उघडलीस आणि म्हणालीस, "आय्तु. झालं. गेला बिचारा. चल, कॉफी."

तुझ्या प्रत्येक मशीनला कपड्याचं कव्हर होतं. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचं, कडेला पायपिंग घातलेलं. नवं मशीन आलं की तू टेप घेऊन माप घ्यायचीस, आणि खाली दुकानात ओरडायचीस, "वसंता! नवं गिऱ्हाईक! छाती बारा, उंची तीन!" आणि वसंतण्णा, तुझे धाकटे भाऊ, खालून ओरडायचे, "बाह्या पाहिजेत का?" आयुधपूजेला खाली शिलाई मशीनला हळद-कुंकू लागायचं आणि वर काळूला. एकाच ताटातलं. कुंकू बटणांच्या फटीत जायचं आणि मी इअरबड घेऊन ते उकरत बसायचे, आणि तू हसायचीस.

माझं म्हणणं असायचं की ह्या गोष्टी जपायच्या असतात. मी व्हिडिओ बघायचे, परदेशातले लोक कसे हातमोजे घालून मशीन उघडतात ते. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की परत पांढरं होतं, हे मी तुला किती उत्साहाने सांगितलं होतं, आठवतं? तू आरशासमोर होतीस, केसांना काळा रंग लावत. "बरोबर," तू म्हणालीस. "मी पांढऱ्याचं काळं करते, तू पिवळ्याचं पांढरं कर. दोघींना वय लपवायचंय."

"अक्का, मी सीरियस आहे."

"मी पण. तुला कसली गं आठवण येते? तू तर जन्मली पण नव्हतीस. मला काळूला बघितलं की मामानं तो दुबईवरून आणला तो दिवस आठवतो. टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्या सगळ्यांना उठवून मी हा जोडला होता, त्यांच्या शिव्या आठवतात. तुला काय आठवतं?"

मी म्हणाले होते, "काहीच नाही, पण येते." तू खूप हसली होतीस. मग हसू थांबवून म्हणालीस, "येऊ दे. तुझ्या-माझ्या मिळून होतील." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. आता काळूचं कव्हर बघितलं तरी मला तो तेलकट हाताचा पोरगा आठवतो, तुझी ओली रंगवलेली वेणी आठवते, फिल्टर कॉफीचा वास येतो. मिळून झाल्या खऱ्या. पण आता त्या सांगायच्या कुणाला?

कृष्णराजनगरला गेलो होतो तो दिवस मी सगळ्यांना सांगत असते. तिथल्या एका रिटायर्ड मास्तरांकडे माळ्यावर मशीन आहे असं तुला कुणीतरी सांगितलं, आणि तू लगेच पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर टाकून निघालीस. घराला लागून भाताची शेतं, कालव्याचं पाणी, आणि मास्तर आपल्याला मशीन देण्याऐवजी जेवायलाच वाढत होते. परत येताना बसमध्ये मशीन तुझ्या मांडीवर, साडीच्या पदराखाली झाकलेलं. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, बायकांना फ्री आहे. ह्या पेटीला नाही."

"पेटी कुठली? मुलगी आहे माझी. चिन्नी."

"हो का? मग आधार कार्ड दाखवा मुलीचं."

"पोटात आहे. उघडून दाखवते." आणि तू खरंच स्क्रूड्रायव्हर काढलास! मागची सगळी सीट हसत होती. कंडक्टरने हात जोडले आणि पुढे गेला. तेव्हापासून ती चिन्नी. घरी आणून उघडली तर आत मुंग्यांनी संसार थाटलेला. मी म्हणाले फुंकर मारू, स्प्रे मारू. तू पूर्ण दुपार तो बोर्ड हातात धरून गच्चीवरच्या कुंडीपाशी बसून राहिलीस, सगळ्या मुंग्या आपणहून उतरेपर्यंत. "त्यांना पण घर बदलायला वेळ लागतो," म्हणालीस.

अशी तू. कुणालाही कशालाही हात लावू देणारी. जे चालत नाही ते मशीन नाही, तो डबा, हे तुझं वाक्य. आणि मग ती कॅसेट.

वरच्या पायरीवर, अप्पांच्या फोटोपाशी, प्रत्येक दसऱ्याला ती असायची. लाल दोरा गुंडाळलेली. तुमच्या घरात कॅसेटवर नावं लिहायची पद्धत नव्हती, अप्पा दोरे बांधायचे, दुकानातलेच. पिवळा म्हणजे सिनेमाची गाणी, निळा म्हणजे कोरी, वापरा. लाल म्हणजे हात लावायचा नाही. लालवाली एकच होती. देवळात एकादशीला भजनी मंडळ बसायचं, त्यात अप्पा गायचे, आणि कुणीतरी हौसेने टेपरेकॉर्डर आणून एकदाच ते रेकॉर्ड केलं होतं. अप्पांना स्वतःचा आवाज ऐकायला फार आवडायचा, हे तू लाजत सांगितलंस, जसं काही तूच गायचीस.

त्या दिवशी अप्पांनी ती ऐकली होती आणि दोरा परत बांधायचा राहिला होता. दोरा कुठे गेला? त्यांनीच, बोलता बोलता, गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण लावायला वापरला! तू वरच्या खोलीत कित्येक दिवस लिहीत होतीस तो तुझा पहिला मोठा प्रोग्रॅम तेव्हाच पूर्ण झाला. काळूला स्वतःची काही मेमरी नाही, वीज गेली की सगळं पुसलं. आणि वीज कधीही जायची. प्रोग्रॅम साठवायला तुला कॅसेट पाहिजे होती, लगेच. हाताला आली ती, दोरा नसलेली, निळा गळाला असेल म्हणून कोरी समजून तू रेकॉर्ड दाबलंस. प्रोग्रॅम चढला. पाठोपाठ वीज गेली. तू अंधारात टाळ्या वाजवल्यास.

आणि मग कळलं.

नंतरच्या एकादशीला अप्पांनी पाहुण्यांसमोर ती कॅसेट लावली. तू स्वयंपाकघरात लपलीस. अप्पांचा आवाज सुरू झाला, रंगला, आणि अर्ध्या ओळीत तुटला, आणि तिथून ते किंचाळणं. काळू कॅसेटवर जे लिहितो ते कानाला तसंच लागतं, आधी एक लांब सूर आणि मग पत्रा खरवडल्यासारखं. पाहुणे दचकले. कुणीतरी बंद करायला उठलं. अप्पांनी हाताने खाली बसवलं. ते गुडघ्यावर बोटाने ताल धरून होते. तो सगळा गोंगाट होईपर्यंत त्यांनी ताल सोडला नाही, आणि आवाज परत आला तेव्हा ते कॅसेटमधल्या स्वतःबरोबर समेवर आले. मग म्हणाले, "मधलं ते आमच्या रुक्मीचं भजन. मला कळत नाही. पण तिनं पण मन लावूनच केलंय."

तुला त्यांनी कधी काही म्हटलं नाही. पुढे प्रत्येक वेळी पूर्ण ऐकायचे, मधलं धरून. नवा लाल दोरा बांधला, आणि परत कधी तो बटणाला वापरला नाही. हे सांगताना तू इतकी हसलीस की डोळे पुसावे लागले, आणि मग डोळे पुसतच राहिलीस.

ते गेल्यावर तू ती एकदाही लावली नाहीस.

मी काय करणार? मला राहवेना! एका कॅसेटवर बाप आणि लेक, एक गातोय आणि एकीचा प्रोग्रॅम, जगात असं दुसरं काही असेल का? मी तुझ्या मागेच लागले. टेप म्हातारी होते, चिकटते, बुरशी येते, आता लावली नाही तर कधीच लावता येणार नाही. एकदा चालवायची, फोनवर कॉपी करायची, संपलं. कॉपी हजार वेळा ऐक. तू म्हणायचीस, "दसऱ्याला बघू." दसरा यायचा, कॅसेट पायरीवर बसायची, पोरं चकल्या खायची, आणि तू म्हणायचीस, "आता गर्दी आहे गं. पुढच्याला बघू."

"आत आहे तरी काय त्या प्रोग्रॅममध्ये?" मी विचारायचे. एकदा तू म्हणालीस रांगोळी काढतो. एकदा म्हणालीस ब्लाउजचं माप टाकलं की कापड किती लागेल ते सांगतो, अप्पांसाठी केला होता. एकदा म्हणालीस दसऱ्याचा हत्ती पडद्यावरून चालत जातो. मी म्हणाले, "तुला आठवत नाहीये!" तू म्हणालीस, "सुम्नीरे. गप्प बस. मला सगळं आठवतं."

गेल्या महिन्यात मात्र आपलं खरंच भांडण झालं. मी म्हणाले, "तूच म्हणतेस ना, जे चालत नाही तो डबा. मग ही पण डबाच. तू तिचा डबा केलायस. घाबरतेस तू."

तू चिन्नीचं कव्हर घडी करत होतीस. घडी पूर्ण केलीस, कोपरे जुळवलेस.

"हो, घाबरते," म्हणालीस. "एकदा मी त्यांना मधेच थांबवलंय. ही टेप तुटली तर दुसऱ्यांदा. तुला हे कॉपी-बिपीत बसवता येत नाही, मरी."

मी सॅक उचलली. कॉफी न पिताच निघाले. बोगादीपर्यंत बसमध्ये मनात तुझ्याशी भांडत होते, आणि घरी पोचले तर तुझा मेसेज. शेवटचा. मी तो इतक्यांदा ऐकलाय की माझी आई पण म्हणून दाखवेल. "ऐक गं. ह्या दसऱ्याला लावू. खरंच लावू. पण आधी त्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट बदल, मग बघूया. आणि कॉफी पिऊन जायचं होतं, केलेली टाकून दिली." मागे खाली वसंतण्णांचं मशीन चालू आहे, टकटकटक, आणि शेवटी तू हसतेस, पूर्ण नाही, थोडं.

मी बेल्ट मागवला. तुला सांगितलं नाही, वाटलं बसवून, चाकं फिरवून, एकदम समोर ठेवीन. आणि मग वसंतण्णांचा फोन आला. सकाळी तू दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसली होतीस. ते शटर उघडून वळले तर तू भिंतीला टेकलेली. बस्स. वास नाही, आवाज नाही, धूर नाही. मी त्यांना विचारलं, काही म्हणाली का? ते म्हणाले, "म्हणाली, आज ऊन बरं आहे."

तेराव्यानंतर त्यांनी मला थांबवून घेतलं. वरच्या खोलीत नेलं. सगळी मशीन कव्हरं घालून ओळीत. मला वाटलं, आता म्हणतील खोली रिकामी करायचीय. मी मनात तयारी करत होते, काळू कुठे ठेवू, आई काय म्हणेल. पण ते म्हणाले, "हे सगळं इथंच असू दे. तू येत जा. आम्हाला वर कुणीतरी एक पाहिजे." आणि त्यांनी ती कॅसेट माझ्या हातात ठेवली. "ह्या वर्षी सुतकामुळे गोंबे नाहीत. म्हणजे दसऱ्याची वाट बघून उपयोग नाही. मी अप्पांचा आवाज ऐकून किती वर्षं झाली. मी तिला कधी म्हटलं नाही, तिला त्रास होईल म्हणून. तू लाव."

अक्का, मी सहा वर्षं हेच मागत होते ना? आणि आता कॅसेट हातात आली तर ती मी दोन्ही हातांत धरली, अंड्यासारखी. कारण मला कळलं तू काय म्हणत होतीस. तुटली तर मी अप्पांना थांबवणार. वसंतण्णांच्या समोर. आणि आता तर त्यात दोघं, ते आणि तू.

मी घाई केली नाही. शपथ. घरी आणली, उघडून बघितली. टेपच्या मागचा तो फेल्टचा छोटा तुकडा गळून पडला होता, तो नवा चिकटवला. बुरशी नव्हती. पेनावर लावून पूर्ण टेप एकदा हाताने पुढे, एकदा हाताने मागे, इतकं सावकाश की आई दोनदा बघून गेली मी झोपले तर नाही ना. मग वास घेतला. मग कानाशी धरून हलवून ऐकलं. मग बघितलं. तू सांगितलेल्या क्रमाने, पहिल्यांदाच.

काल सकाळी तुझ्या खोलीत लावली. वसंतण्णा, त्यांची बायको सरोजावैनी आणि मी. फोन शेजारी ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून. लाल दोरा वसंतण्णांनीच सोडला आणि हातात धरून बसले. मी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग टाळ. मग अप्पा.

मला वाटलं होतं म्हाताऱ्याचा आवाज असेल. नाही गं! तरुण आहे. खणखणीत. आणि थोडा तुझ्यासारखा, शब्दाच्या शेवटी नाकात जाणारा. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वसंतण्णांनी डोळे मिटले. सरोजावैनींनी अप्पांना लग्न होऊन आल्यापासून फक्त आजारीच बघितलेलं, त्या तोंडावर पदर धरून, "हे मामंजी? हे?" असं विचारत होत्या, कुणालाच नाही.

आणि मग अर्ध्या ओळीत ते तुटलं. लांब सूर सुरू झाला.

माझा हात आपोआप आवाज कमी करायला गेला. इतका कर्कश होता, आणि तेराव्याच्या मागोमागचं घर, खाली गिऱ्हाइकं. वसंतण्णांनी डोळे न उघडता म्हटलं, "इरली. राहू दे. ही आमची रुक्मी."

मग मी बघितलं. त्यांचं बोट. गुडघ्यावर. ताल धरून होतं. ते शिंप्याचं बोट, सुईने टोचून टोचून खरबरीत झालेलं, तो सगळा गोंगाट चालू असताना एकदाही न चुकता पडत होतं. मला वाटलं त्यांना जमणार नाही, किती लांब आहे ते, तू कित्येक दिवस लिहिलेलं सगळं त्यात आहे. अक्का, ते समेवर आले. अप्पांचा आवाज परत उघडला तेव्हा बोट बरोबर तिथेच होतं. मी इतकी रडले की सरोजावैनींनी मला धरलं. रडायला त्यांनी आधी सुरुवात केली होती, पण धरलं त्यांनी मला.

टेप तुटली नाही. शेवटपर्यंत गेली. कॉपी झाली. म्हणजे मी जिंकले! तू असतीस तर मी खोलीभर नाचले असते, आणि तू म्हणाली असतीस, "साकु, साकु, पुरे, खाली छत पडेल." मी जिंकले आणि कुणाला दाखवू?

नंतर वसंतण्णांनी काळूकडे बघून विचारलं, "ह्यात घालून बघायचं का? काय आहे त्यात?" वायर माझ्या हातात होती. टीव्ही तिथेच होता. एक खटका आणि ते कळलं असतं, रांगोळी की ब्लाउज की हत्ती. सहा वर्षं मला ह्यासाठी झोप नव्हती. आणि मी, जी कीबोर्डला श्वास घेऊ देत नाही, मी म्हणाले, "आत्ता नको. दसऱ्याला बघू. पुढच्या. गोंबे बसल्यावर, पोरं आल्यावर."

म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं.

वसंतण्णा हसले, तुझ्यासारखं, पूर्ण नाही, थोडं. तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये हां, अक्का. हे भांडण मी मिटवणार नाहीये. पुढच्या दसऱ्यापर्यंत तरी तू मला गप्प बस म्हणत राहशील, आणि तेवढं मला पाहिजे.

त्यांनी कॅसेट मागून घेतली, लाल दोरा परत गुंडाळला आणि एका हाताने गाठ मारली. मी काळूचं कव्हर नीट केलं, कोपरे जुळवून. मग आम्ही खाली गेलो. सरोजावैनींनी कॉफी केली होती. मी पूर्ण प्यायले.